न जळालेल्या मोटरीची कैफियत

बिघाडाची हकीकत सांगणारे पुष्कळ भेटतात. बंधारा फुटला की पंचनामा होतो, चौकशीचे हुकूम सुटतात, जबाब नोंदविले जातात आणि दप्तरे भरतात; परंतु जो बंधारा फुटला नाही, कारण त्याच्या सांडव्यात अडकलेला पालापाचोळा कोणा पाटकऱ्याने पावसाआधीच उपसून टाकला होता, त्या बंधाऱ्याची नोंद कोठल्याही बारनिशीत सापडत नाही. गेल्या वर्षी कार्तिक महिन्यात, इंग्लंडातील मँचेस्टर शहरी भाचीकडे मुक्कामास असताना, अशाच एका न घडलेल्या अनर्थाचा साक्षीदार होण्याचा योग मला आला. प्रकरण तसे क्षुल्लक होते. तांब्याएवढ्या आकाराच्या एका विद्युत-मोटरीच्या जिवाचा प्रश्न होता, आणि ती मोटर ज्या गाडीत बसविलेली होती ती गाडीही वीस वर्षांची जुनी. पण त्या एका शनिवारच्या दुपारी पाणी, पान आणि यंत्र यांच्या परस्परसंबंधाविषयी मला जे कळले, ते पुष्कळ थोर विषयांवरच्या व्याख्यानांतून कळले नव्हते, म्हणून ते सविस्तर मांडण्याची परवानगी वाचकांकडे मागतो.

गाडी बी.एम.डब्ल्यू.ची झेड-४, दोन माणसांपुरती, आणि जिचा टप बटण दाबताच आपोआप मागे जाऊन बसतो अशा जातीची. 'टप' हा शब्द मी मुद्दाम वापरीत आहे. मुंबईच्या व्हिक्टोरियाला टप असे, टांग्याला टप असे, आणि आजही रिक्षावाला आपल्या कापडी छताला टपच म्हणतो. तेव्हा जर्मन गाडीच्या डोक्यावर तोच शब्द चढविण्यास हरकत नसावी. व्हिक्टोरियाचा गाडीवान पाऊस आला की खाली उतरून दोन्ही हातांनी टप पुढे ओढी, आणि त्याच्या त्या मोटरीला म्हणजे दंडाला गंज चढण्याचा प्रश्न उद्भवत नसे.

भाचीने गाडी घेतली ती उन्हाळ्यात, जेव्हा इंग्रज माणूस सूर्यदर्शनाने किंचित भ्रमिष्ट होतो आणि अशा गाड्यांचे भाव चढतात. मी गेलो तेव्हा ऑक्टोबर सरत आला होता. तिच्या गल्लीच्या दोन्ही बाजूंस लिंडेन आणि सिकॅमोर यांची मोठी झाडे असून, त्यांची पाने रात्रंदिवस गळत होती. सकाळी पाहावे तो गाडीच्या काळ्या टपावर पिवळा गालिचा अंथरलेला असे. मला ते दृश्य फार रमणीय वाटले आणि तसे मी बोलूनही दाखविले. भाची म्हणाली, "मामा, तुम्हांला रमणीय वाटतंय, पण हीच पानं माझी मोटर खाणार आहेत. शनिवारी मिस्त्रीकडे न्यायची आहे, तुम्ही चला बरोबर." मोटर खाणारी पाने हा प्रकार मला नवा होता.

झेड-४ची ही पहिली पिढी २००२ साली पॅरिसच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली, आणि २००८ पर्यंत ती अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना राज्यात स्पार्टनबर्ग येथील कारखान्यात बांधली जात होती. तिचा टप सुमारे दहा सेकंदांत उघडतो. त्याच्या घडीत एक युक्ती आहे: टप इंग्रजी झेड अक्षरासारखा तीन पदरांत दुमडतो, आणि दुमडल्यावर त्याचा पुढचा कठीण भाग वरच्या बाजूस येऊन स्वतःच झाकण होऊन बसतो, त्यामुळे वेगळे झाकण लागत नाही. हे सारे काम करणारी यंत्रणा द्रवदाबाची आहे. बटण दाबले की आधी दारांच्या काचा थोड्या खाली सरकतात, मग मोटर फिरू लागते, मोटर पंपाला फिरविते, पंप तेलाला दाबाखाली नळ्यांतून सिलिंडरांत ढकलतो, आणि सिलिंडरांतील दांडे टपाचा सांगाडा उचलतात. टप मिटावयाचा असेल तर तीच मोटर उलट दिशेने फिरते. म्हणजे सारा डोलारा एका मोटरीच्या मनगटावर उभा.

ही मोटर ठेवली आहे कोठे? आसनांच्या मागे टप जेथे घडी होऊन पडतो त्या कोठीच्या डाव्या कोपऱ्यात, अगदी तळाशी, फोमच्या वेष्टनात गुंडाळून. इंग्लंडात गाडी हाकणारा उजवीकडे बसतो, तेव्हा ती जागा शेजारच्या प्रवाशाच्या पाठीमागे येते. आणि त्याच बाजूने, टपाच्या कडेला झिरपलेले पावसाचे पाणी खाली नेणारी वाटही जाते. येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. कापडी टपाची गाडी पाणी संपूर्णपणे बाहेर ठेवू शकत नाही आणि ठेवण्याचा आवही आणीत नाही. टपावरचे पाणी ओघळून कडेच्या पन्हळीत उतरावे, तेथून दोन्ही बाजूंच्या रबरी नरसाळ्यांत पडावे, आणि नळीवाटे मागच्या चाकांच्या पुढे रस्त्यावर निघून जावे, अशी तजवीज करणाऱ्यांनी केलेली आहे. नळी मोकळी आहे तोवर बंदोबस्त उत्तम. नळीच्या तोंडाशी चार पाने कुजून चिखल झाला की पाणी परत फिरते, कोठीत साचू लागते, आणि तळाशी बसलेली मोटर विहिरीत पडलेल्या घागरीसारखी बुडते. फोमचे वेष्टन आवाज दाबण्यासाठी आणि हादरे सोसण्यासाठी घातलेले असते. ते स्पंजासारखे पाणी पिऊन बसते आणि पाणी ओसरल्यावरही मोटरीला आठवडेच्या आठवडे ओल्या पट्टीत ठेवते.

मोटर तेथे का ठेवली असावी, याचे उत्तर तर्काने देता येते. दोन माणसांच्या लहान गाडीत जागेची टंचाई असते, डिकी शक्य तितकी मोकळी राखावयाची असते, जड वस्तू खाली असावी हा चांगल्या गाडीचा शिरस्ता असतो, आणि पंपाची घरघर कोणाच्या कानाशी नको असते. या सर्व निकषांवर डाव्या कोपऱ्याचा तळ पहिल्या नंबराने उत्तीर्ण होतो. आराखड्याच्या कागदावर फक्त झाड नसते. माझे मत विचाराल तर हा दोष बुद्धीचा नव्हे, ऋतूचा विसर पडल्याचा आहे; आणि या एकाच गाडीवर बोट ठेवणेही न्यायाचे होणार नाही. पोर्शेच्या पहिल्या बॉक्स्टरमध्ये टपाच्या मोऱ्या तुंबल्या की पाणी आत उतरून आसनाखाली ठेवलेल्या इलेक्ट्रॉनिक पेटीवर जाते आणि मग गाडी चालूच होत नाही, हे त्या गाडीचे सर्व मालक जाणतात.

मिस्त्रीचे गॅरेज रेल्वेच्या विटांच्या कमानीखाली होते. मँचेस्टरात अशा कमानी पुष्कळ आहेत. वरून गाड्या धडधडत जातात आणि खाली लोहार, सुतार, मोटर-मिस्त्री आपापले संसार थाटून बसलेले असतात. आम्ही पोहोचलो तेव्हा मिस्त्री दुसऱ्या एका गाडीखाली पडलेला होता, आणि त्याने केवळ पाय हलवून आम्हांला बसण्याची खूण केली. अर्धा तास मोकळा मिळाला. भाचीने मला तेवढ्यात या आपोआप उघडणाऱ्या टपांचा पूर्वेतिहास ऐकविला, आणि तो इतका मनोरंजक निघाला की मूळ विषय सोडून थोडे तिकडे वळतो.

मोटरीच्या जोरावर छत गिळणारी गाडी प्रथम घडविली ती एका दंतवैद्याच्या कल्पनेतून. जॉर्ज पोलँ हा फ्रेंच गृहस्थ दातांचा व्यवसाय करीत असे आणि फावल्या वेळी गाड्यांची चित्रे काढी. अखंड कठीण छत डिकीत अदृश्य व्हावे ही त्याची युक्ती पूजो कंपनीच्या ४०१ एक्लिप्स या गाडीत १९३४ साली प्रत्यक्षात आली. ते काम विजेच्या मोटरीवर होई. पुढे ४०२ या जातीत ते मनुष्यबळावर सोपविण्यात आले. या माणसाचा अंत मात्र गाड्यांशी संबंधित नाही: महायुद्धात तो जर्मनांविरुद्धच्या गुप्त प्रतिकारात सामील झाला, पकडला गेला, आणि १९४२ साली त्याला गोळ्या घालण्यात आल्या. कापडी टपाला यंत्राचे बळ अमेरिकेत प्लिमथने १९३९ साली दिले. त्यात मोटरही नव्हती आणि तेलही नव्हते, तर निर्वाताने ओढली जाणारी नळकांडी होती. युद्धानंतर तेलदाबाची यंत्रणा रूढ झाली, आणि काही अमेरिकी गाड्यांत त्यासाठी चक्क ब्रेकचे तेल वापरीत. ते गळले की आधी गाडीचा रंग खाई. आणि या सर्वांवर कळस म्हणजे फोर्डची १९५७ ची स्कायलायनर. तिचे पोलादी छत मागे जाण्यासाठी छताच्या हालचालीच्या तीन मोटरी, कुलपांच्या चार मोटरी, दहा रिले, दहा मर्यादा-स्विच आणि सुमारे १८६ मीटर तार बसविलेली होती. तीन हंगामांत ४८,३९४ गाड्या बनल्या आणि १९५९ नंतर कंपनीने तो खेळ आवरता घेतला. एवढी तार एखाद्या लहानशा बंगल्याच्या वायरिंगला पुरली असती.

इतक्यात मिस्त्री गाडीखालून निघाला. साठी उलटलेला, बोटांच्या रेघांत तेल कायमचे मुरलेले, बोलणे मोजके. त्याने आल्या आल्या फळीवरून एक मोटर काढून माझ्या हातात ठेवली. ती कोणा दुसऱ्या गाडीतील मृत मोटर होती आणि त्याने ती नवख्या मालकांना दाखविण्यासाठी उभी चिरून ठेवली होती. आत पाहिले तर सगळा मामला तांबूस: दंडगोलाकार कवच गंजून फुगलेले, चुंबकाचा एक तुकडा त्या गंजाने उखडून सुटलेला, बेअरिंग जाम, आणि ज्या कार्बनच्या ब्रशांनी फिरत्या कॉम्युटेटरला वीज पोहोचवावयाची ते आपल्या खाचेत अडकून बसलेले. मिस्त्री म्हणाला, "ही विजेने मेली असं मालकाचं म्हणणं होतं. ही बुडून मेली." असा मृत्यू एका रात्रीत क्वचित येतो. आधी मोटरीचा सूर बदलतो. टप उघडावयास दहाच्या जागी पंधरा-वीस सेकंद लागू लागतात. मग एक दिवस बटण दाबले असता काचा तेवढ्या खाली येतात, मागे कोठेतरी रिलेचा 'टक्' असा आवाज होतो आणि टप जागचा हलत नाही. सूर बदलला त्याच दिवशी जो मालक कोठी उघडून ओल पुसतो, त्याची मोटर पुष्कळदा वाचते. बाकीच्यांना नवी घ्यावी लागते, आणि ती बसविण्यासाठी शिरस्त्याप्रमाणे टपच उतरवावा लागत असल्याने, मजुरीसकट येणारा खर्च अशा जुन्या गाडीच्या बाजारभावाचा मोठाच हिस्सा खाऊन टाकतो.

मग प्रत्यक्ष काम सुरू झाले, आणि ते पाहून माझी किंचित निराशा झाली हे कबूल केले पाहिजे, कारण मला काही गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेची अपेक्षा होती. मिस्त्रीने टप अर्धवट उघड्या स्थितीत आणून त्याला लाकडी दांड्याचा टेकू दिला, जेणेकरून तेलाचा दाब उतरला तरी सांगाडा कोणाच्या मनगटावर येऊ नये. कडेचे अस्तर बाजूला करून त्याने विजेरी आत धरली आणि मला वाकून पाहावयास सांगितले. रबरी नरसाळ्याच्या तोंडाशी काळा, मऊ, कंपोस्टासारखा लगदा बसलेला होता, आणि त्या लगद्यात, विश्वास ठेवा अगर ठेवू नका, सिकॅमोरचे एक बी अंकुरलेले होते. दोन पाने फुटली होती. आमच्याकडे जुन्या वाड्याच्या भिंतीत पिंपळ उगवतो आणि वाडा पाडतो. येथे गाडीच्या पन्हळीत झाड उगवू पाहत होते. भाचीने ते रोप अलगद उपटून रुमालात गुंडाळले. त्याचे पुढे काय केले ते मी विचारले नाही.

लगदा त्याने आधी चमच्याने काढला. मग नळी साफ करण्यासाठी जे हत्यार निघाले ते म्हणजे गवत छाटण्याच्या यंत्रातील जाड नायलॉनची दोरी, टोक तापवून गोल केलेली. लोखंडी तार का नाही, असे मी विचारले. तार रबराला भोक पाडते आणि मग पाणी नळीतून जाण्याऐवजी कोठीतच गळू लागते, म्हणजे रोगापेक्षा औषध जालीम. दाबाच्या हवेचा झोत तर त्याला अजिबात पसंत नव्हता, कारण त्या झोताने नळी आपल्या बैठकीतून निसटते, आणि निसटलेली नळी वरून दिसत नाही. दोरी वरून हळूहळू फिरवीत आत सोडली, खालून चाकापाशी तिचे टोक दिसले, मागे ओढली, पुन्हा सोडली. असे चार-पाच वेळा. मग प्लास्टिकच्या जगमधून कोमट पाणी बारीक धारेने ओतावयास सुरुवात केली आणि मला मागच्या चाकापाशी उकिडवे बसविले. प्रथम काही नाही. नंतर काळे थेंब. नंतर काळी धार. नंतर, तिसऱ्या जगला, स्वच्छ पाणी. मी "आलं, आलं" असे मराठीत ओरडलो, आणि मिस्त्रीने ते बरोबर समजून जग खाली ठेवला.

उजवी बाजूही त्याने तितक्याच काळजीने पाहिली. त्या बाजूस मोटर नसते म्हणून पुष्कळ मालक ती सोडून देतात, परंतु कोठी दोन्ही बाजूंना सलग असते आणि गाडी रस्त्याच्या उतारावर उभी केली की पाण्याला डावे-उजवे कळत नाही. शेवटी त्याने फोमच्या वेष्टनात बोट खुपसून पाहिले. किंचित दमट होते. "आणखी एक हिवाळा काढला नसता," एवढाच निकाल त्याने दिला, आणि टप उघडा ठेवून तेथे दोन तास गरम हवेचा पंखा लावला.

पंखा चालू असताना चहा झाला आणि मिस्त्रीची जीभ सैल झाली. पाण्याखालोखाल मोटरीचा शत्रू म्हणजे अशक्त बॅटरी. बारा व्होल्टची निरोगी बॅटरी स्वस्थ असता साडेबारा व्होल्टच्या थोडी वर दाखविते. ती बाराच्या खाली उतरली असेल तर मोटरीला पुरेसा जोर मिळत नाही, ती अडखळते, तापते, आणि टप अर्ध्या वाटेवर अडतो. इंजिन चालू असता हाच आकडा चौदाच्या आसपास असतो, म्हणून टप नेहमी इंजिन चालू ठेवूनच हलवावा. शेजाऱ्यांना कौतुक दाखविण्यासाठी तो लागोपाठ पाच-सहा वेळा उघडमीट करू नये. ही मोटर थोडा वेळ जोराने राबून नंतर विसावा घेण्यासाठी बनविलेली आहे. कडाक्याच्या थंडीत कापड ताठरते आणि तेल दाटते, तेव्हा गोठणबिंदूच्या खाली टपाला हात लावू नये. ओला टप घडी करून ठेवू नये, कारण ओल्या कापडाला बुरशी लागते आणि त्यातले पाणी निथळून अखेर कोठीतच उतरते. सांध्यांना बेताचे वंगण असावे, कारण जड झालेल्या सांध्याचा भार शेवटी मोटरच उचलते. आणि हे सारे करून गाडी सहा महिने झाकून ठेवली तरी चालत नाही. महिन्यातून एकदा, कोरड्या दिवशी, टप एकदा उघडून मिटावा, म्हणजे तेलाच्या रबरी सीली कोरड्या पडत नाहीत आणि ब्रश आपल्या जागी चिकटत नाहीत.

भाचीने मग तिच्या मनात घोळणारा प्रश्न काढला. ही मोटर त्या कोठीतून उचलून डिकीत कोरड्या जागी बसविता येते. कित्येक मालक तसे करून घेतात आणि मग निश्चिंत होतात. ते आताच करून टाकावे काय? मिस्त्रीने डोके हलविले. मोटर एकदा मेली आणि कोठी उघडावीच लागली, तर नवी मोटर पुन्हा त्याच खड्ड्यात घालणे हा मूर्खपणा. पण चालत्या मोटरीचे वायरिंग आणि तेलाच्या नळ्या केवळ धास्तीपोटी हलविणे त्याला मान्य नव्हते. शिवाय मोटर डिकीत गेली की मालक मोऱ्या साफ करणे सोडून देतो, पाणी कोठीत साचतच राहते, आणि मग कापड कुजते, पत्रा गंजतो, गालिच्याला वास येतो. मला हा युक्तिवाद पटला. त्याचे त्यात नुकसान होते हे लक्षात घेता अधिकच पटला.

परतताना माझ्या डोक्यात कोकणातले घर होते. मृगाआधी कौले शाकारून घ्यावयाची, पन्हळी झाडावयाच्या, आणि वळचणीखालच्या मोरीत कळक घालून पाहावयाचे, हा कार्यक्रम माझ्या लहानपणी लग्नकार्याइतका अटळ होता. वडील शिडीवर चढत, आजी खालून तांब्या तांब्या पाणी वर देई, आणि पाणी अंगणाच्या टोकाला निघाले की आम्ही पोरे ओरडत असू. भाचीने त्या घरी एकही पावसाळा काढलेला नाही. मँचेस्टरच्या पावसाची ख्याती मोठी असली तरी तेथे वर्षाकाठी साडेआठशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो, पण तो थेंबाथेंबाने बारा महिने पडतो. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक कोसळतो आणि मग आकाश स्वच्छ होते. धो धो पावसाने पुष्कळदा नळी आपोआप धुऊनही निघते. रिमझिम पाऊस पान वाहून नेत नाही, ते कुजवितो. म्हणून हा उपद्रव पावसाच्या आकड्यांवर कमी आणि झाडांच्या सावलीवर अधिक अवलंबून असतो.

टप उघडणाऱ्या गाड्या आपल्याकडे थोड्या. वर्षभर धूळ आणि चार महिने पाऊस, त्यात त्यांची हौस किती जणांना परवडणार? परंतु छतात काच बसविलेल्या, जिला लोक सनरूफ म्हणतात, अशा गाड्या पुण्या-मुंबईतच काय, तालुक्याच्या गावीही आता दारोदार दिसतात, आणि घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना ठाऊक नसते की त्या काचेच्या चौकटीच्या कोपऱ्यांतून सामान्यतः चार नळ्या निघतात, दोन पुढच्या खांबांतून आणि दोन मागच्या खांबांतून गाडीखाली उतरतात, आणि त्या तुंबल्या की पाणी छताच्या अस्तरात, पायाखालच्या गालिच्यात आणि तेथून वायरिंगमध्ये शिरते. गुलमोहराच्या पाकळ्या, कडुनिंबाची बारीक पाने आणि वर्षभराची धूळ यांचा लगदा सिकॅमोरच्या लगद्याहून मुळीच कमी प्रतीचा नसतो. तेव्हा ज्यांच्या दारी अशी गाडी उभी असेल त्यांनी मृगाआधीच्या एखाद्या रविवारी काच उघडून चौकटीच्या पन्हळीत चारही कोपऱ्यांना बारीक धारेने थोडे थोडे पाणी सोडावे आणि घरातील एखाद्या पोराला खाली चाकांपाशी पाहावयास बसवावे. झाडाखाली गाडी लावणाऱ्यांनी तेच दिवाळीनंतर पुन्हा एकदा करावे. चार कोपऱ्यांचे पाणी चार ठिकाणी पडले पाहिजे. तीन ठिकाणी पडले तर गाडी सोमवारी मिस्त्रीकडे न्यावी.